शुद्ध नकली

नकली घड्याळांचे भाव चढले, याबद्दल संबंधितांचे अभिनंदन करायला हवे. मुंबईच्या मनीष मार्केटात घासाघीस करून 'फर्स्ट कॉपी' उचलायची, तो मागास काळ संपला. आता 'सुपर क्लोन' आले. रोलेक्स वापरते तेच ९०४एल पोलाद, सिरॅमिकची बेझेल, आतल्या यंत्राचीही हुबेहूब नक्कल. किमतीचा आकडा पाच अंकी. तेवढ्या पैशांत जुन्या एचएमटी 'जनता' पाच-सहा सहज येतील; पण एचएमटी वॉचेस बंद करायला सरकारने २०१६ मध्येच मंजुरी दिली, शिवाय ती पडली अस्सल. तिच्यात संग्राहकाने कौतुक कशाचे करायचे?

धाराशिवकरांना तर रोलेक्सच्या 'सबमरिनर'ची नक्कल फारच सोयीची. अस्सल सबमरिनर ३०० मीटर पाण्याखाली चालते. आमच्याकडे बोअर जवळजवळ तेवढाच खाली न्यावा लागतो, आणि तिथेही पाणी नसते. घड्याळाचा दावा खोटा पडायची भीतीच नाही.

दुःख एकच. नकलीतही भेसळ शिरली आहे. सुपर क्लोनचे पैसे मोजावेत आणि पेटीत निघावी साधी फर्स्ट कॉपी! १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा मूळ कंपनीची काळजी वाहतो. प्रामाणिक नक्कल मागणाऱ्या सज्जन गिऱ्हाइकाला वाली नाही. तेव्हा सोन्यासारखा हॉलमार्क इथेही सक्तीचा करावा, सहा अक्षरी क्रमांकासह: 'शुद्ध नकली'.

एका विक्रेत्याने सूचनेचे तात्काळ स्वागत केले. शिक्का तयारच आहे म्हणाला. साधा दोनशेला, ओरिजिनलसारखा हवा तर पाचशे.