मोरपिसाला भुललेला ट्राऊट

फ्लाय फिशिंगवाल्यांच्या पंगतीत गांडुळाचं नाव काढू नये. तिथे गळाला किडा लावत नाहीत, किड्याचं सोंग लावतात. टास्मानियातलं ‘रेड टॅग’ नावाचं लाडकं सोंग तर चक्क मोरपिसाच्या तंतूंचं असतं: मोरपिशी अंग, गळ्याशी कोंबड्याच्या तांबूस पिसाची झालर आणि मागे लाल शेपटी. असा किडा निसर्गात शोधून सापडायचा नाही. तरी ट्राऊट भुलतो. मोरपिसाला कोण कोण भुललं, हे ठाऊक असलेल्या आपण तरी त्याला हसू नये.

या सोंगाला वजन असं नसतंच. म्हणून फेकायची ती जाडसर, वजनदार दोरी. सोंग तिच्या मागोमाग जातं. ते पाण्यावर अलगद उतरावं अशी अपेक्षा असते. बऱ्याचदा ते आधी मागच्या झाडावर उतरतं.

डोंगरातल्या ओढ्यात ट्राऊट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी उभा असतो. जेवण वाहत येतं, याने फक्त तोंड उघडायचं. त्यामुळे माणसाला मागून, खालच्या अंगाने, वाकून यावं लागतं. साहेबापुढेही कधी न वाकलेली माणसं वीतभर माशासाठी गुडघ्यांवर रांगताना दिसतात. शेततळ्यावर सगळं उलटं. पाणी थांबलेलं, म्हणून मासा हिंडतो आणि माणूस थांबतो. काठावर गाई जमून बघत राहतात. सल्ला देत नाहीत, हे त्यांचे उपकार. बरं, अंडी घालायला ट्राऊटला वाहतं पाणी आणि बारीक खडी लागते, तेव्हा तळ्यात त्याची वीण होत नाही. शेतकरी पिल्लं विकत आणून सोडतो आणि पुढे तीच पकडायला दिवसदिवस बसतो.

मुळात हा मासा टास्मानियातला नव्हेच. १८६४ साली ‘नॉरफोक’ जहाज इंग्लंडहून निघालं ते सॅमनची अंडी घेऊन. शेवाळात गुंडाळून, बर्फात ठेवलेली. थोडी ट्राऊटचीही सोबत दिली होती, असू द्यावीत म्हणून. विषुववृत्त ओलांडून सुमारे तीन महिन्यांनी अंडी पोचली आणि प्लेंटी नदीकाठी उबवली गेली. मानाचा सॅमन समुद्रात गेला तो परतलाच नाही. सोबतीला आलेल्या ट्राऊटने मात्र संसार थाटला. परदेशी जाताना आपण गोडा मसाला नेतो. या इंग्रज मंडळींनी आपली नदीच उचलून न्यायची म्हटली. आज तिथल्याच विमानतळावर आपल्या मेतकुटाच्या डब्याची कसून चौकशी होते. होऊ दे. ट्राऊटने तिथल्या चिमुकल्या गॅलॅक्सियास माशांची काय दैना केली, हे पाहिलेल्यांनी मेतकुटावरही का विश्वास ठेवावा?

एवढा खटाटोप करून पकडलेला ट्राऊट बरेचजण हात ओले करून, त्याच्या अंगाला इजा न होऊ देता, पुन्हा पाण्यात सोडतात. कुणा मालवणी आजीला हे सांगायची माझी छाती नाही. मग घरी जाताना दुकानातून सॅमन घ्यायचा. १९८०च्या दशकापासून तो तिथे समुद्रात, जाळीच्या पिंजऱ्यांत वाढवतात. या खेपेला तो कुठे निघून जाणार नाही, याची चोख व्यवस्था केलेली आहे.