रिपोर्ट नॉर्मल, तरी चहा कोरा

आपल्याकडे खाण्यातलं काही सोडायला दोनच कारणं चालतात: देव आणि डॉक्टर. काशी करून आलेल्या आजीने वांगं सोडलं की घरची भाजी तिच्या सोयीने होते. 'एक फोड खा, काही होत नाही' असं तिला कुणी म्हणत नाही. चातुर्मासाचं तर रीतसर वेळापत्रकच ठरलेलं आहे. श्रावणात पालेभाजी वर्ज्य, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात द्विदल धान्य. डॉक्टरांनी लिहून दिलं की साखरही सुटते आणि मग लग्नाच्या पंगतीत वाढपीसुद्धा जिलेबीचं ताट घेऊन पुढे सरकतो. तिसरं कारण मात्र कुणी मानत नाही. वय अडतीस, रक्तातल्या साखरेचा एचबीएवनसी ५.४, पोटाची तक्रार नाही, कसला नवस नाही, आणि तरीही एखाद्याने रोजच्या खाण्यातून दूध आणि साखर काढून टाकली, तर त्याला वेड लागलं असंच म्हणतात. हे वेड फार मोलाचं आहे. त्याची मोकळ्या मनाने स्तुती व्हायला हवी.

हे वेड कुठल्या मुलखात केलं जातं, तेही पाहावं. १९४९ साली गोरेगावला आरे कॉलनी उभी राहिली आणि मुंबईच्या गोठ्यांतल्या म्हशी तिकडे हलू लागल्या. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू केला. पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखाना आणि दूध संघ या दोन खांबांवर शाळा उभ्या राहिल्या, कॉलेजं, दवाखाने, पतसंस्था उभ्या राहिल्या, आमदारही उभे राहिले. पहाटे संकलन केंद्रावर दुधाला फॅट किती लागली यावर घरचा बाजार ठरतो आणि ऊसबिल कधी जमा होतं यावर मुलीचं लग्न. अशा घरातला मुलगा सुट्टीला आला आणि म्हणाला, "आई, माझा चहा कोरा ठेव, साखर नको," तर त्या माउलीला वाटतं, पोरगं आपल्या गोठ्यालाही नाही म्हणतंय आणि शेतालाही. तिला समजावून सांगता येत नाही आणि तिचं मन मोडवत नाही, अशा जागी उभं राहून तो कोरा चहा पितो. हिशेबी माणसाने हे केलंच नसतं. राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीत उसाचा वाटा अगदी थोडा, पण सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून जास्त, हे या मुलाला माहीत असतं. आपल्या दोन चमच्यांनी उसाचं एक टिपरूही कमी होणार नाही, हेही माहीत असतं. तरी तो ते दोन चमचे घेत नाही.

शहाण्यांचा हिशेब वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी बरं. हे पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम, सहा लहान चमचे. आता सकाळचा चहा, ऑफिसला पोचल्यावरचा, जेवणानंतरचा आणि संध्याकाळचा, प्रत्येकी दोन चमचे. चहातच आठ झाले, अजून बिस्किटाचा पुडा फुटलेला नाही. ग्लुकोज बिस्किटात वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा साखर असते. मग पाव आहे, सॉस आहे, आंबटगोड फरसाण आहे, पोह्यांवरची चिमूट आहे. आमच्या पुण्यात आमटीला गूळ लागतो तो तर कुणी मोजतही नाही. यातलं काहीच शहाण्या माणसाला गोड खाणं वाटत नाही. गोड म्हणजे श्रीखंड, आणि श्रीखंड तो फक्त पाडव्याला खातो.

या हिशेबातून बाहेर पडणाऱ्याचं पहिलं वेडं काम म्हणजे पुड्याची मागची बाजू वाचणं. किराणा दुकानात मागे चार माणसं खोळंबली आहेत, दुकानदार "काय देऊ?" म्हणतोय, आणि हा चष्मा कपाळावर सरकवून खसखशीएवढी अक्षरं डोळ्यांजवळ धरून वाचतोय. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, हे त्याला कळलेलं असतं. त्यामुळे युक्तीही कळते. साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप आणि माल्टोडेक्स्ट्रिन अशी चार नावं वाटून घेतली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि वर राहतो मैदा किंवा ओट्स. दुधाचंही तसंच. मसाला वेफर्समध्ये दूध कशाला असेल, असं कुणालाही वाटेल. पण मसाल्याच्या भुकटीत कित्येकदा मिल्क सॉलिड्स असतात, पावात असतात, खाऱ्या बिस्किटातही असतात. लहान मुलांच्या चॉकलेटी भुकट्यांची तर वर्षानुवर्षं पौष्टिक म्हणून विक्री झाली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या यादीतून काढायला सांगितलं, तेव्हा कुठे बऱ्याच घरांत तो डबा उलटा करून पाहिला गेला. रांगेत खोळंबणारे चिडतात ते समजू शकतं. पण वाचणारा माणूस त्यांच्याही पोटासाठी वाचतोय, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. दहा जणांनी विचारलं की दुकानदारही विचारायला लागतो.

या वेडाविरुद्ध सगळ्यात जोरात मांडला जाणारा मुद्दा परंपरेचा. दुधासाखरेचा चहा हे आपलं आतिथ्य, ते नाकारणं म्हणजे संस्कृती नाकारणं. इथे जरा तारखा बघाव्यात. सामान्य माणसाने चहा प्यावा म्हणून चहा उद्योगाने या देशात जोरदार प्रचार केला तो मुख्यतः १९३०च्या दशकात; गाड्या फिरवल्या, फुकट पेले वाटले, कसा करायचा ते दाखवलं. साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा १९३२चा. त्याआधी जावाची साखर बोटींनी येत होती; कायद्यानंतर चार-पाच वर्षांत देशातले कारखाने तिसाच्या आसपासवरून सव्वाशेच्या पुढे गेले. म्हणजे कपातलं हे जोडपं अवघ्या तीन-चार पिढ्यांचं आहे. त्याआधी उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी यायचं.

गुळाचं नाव निघालं की अर्धवेड्यांची आठवण येते, आणि त्यांची स्तुती मला करवत नाही. हे साखर सोडतात आणि सेंद्रिय गुळाच्या चहाचे चार कप पितात, मधाच्या बाटल्या रिकाम्या करतात, दूध सोडून बदामाच्या दुधाचा गोड केलेला खोका आणतात. गुळात लोह आणि खनिजं थोडी जास्त असतात, खरं आहे. पण त्याचा मोठा भाग सुक्रोजच आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या २५ ग्रॅमांत मधही मोजला जातो. ज्याने नाव बदललं आणि चमचा तोच ठेवला, तो शहाण्यांच्याच बाजूचा.

दुधाची गोष्ट मात्र निराळी आहे आणि तिथे जपून बोलायला हवं. दूध विष नाही. जगातल्या मोठ्या माणसांपैकी सुमारे दोन तृतीयांशांच्या पोटात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं लॅक्टेज बाळपणानंतर कमी होत जातं. कुणाला त्याचा काही त्रास होत नाही, कुणाचं पोट दुपारभर फुगतं आणि तो ते 'गॅसेस' म्हणून आयुष्यभर गोळ्या घेतो. दही लागताना काही लॅक्टोज आंबून जातं, साजूक तुपात ते जवळपास नसतंच. म्हणून काहींना दूध सोडून ताकावर थांबता येतं. ज्याला पूर्णच सोडायचं आहे आणि जो मांस-मासळी-अंडीही खात नाही, त्याने बी-बारा गोळीच्या रूपाने घ्यायलाच हवं. धान्यभाज्यांत ते मिळत नाही आणि कमी पडलं की हातापायांच्या मुंग्यांपासून विस्मरणापर्यंत काहीही होऊ शकतं. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, राजगिरा आहेत. १०० ग्रॅम दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम, तेवढ्याच नाचणीत ३००हून जास्त. मात्र ती भिजवून मोड आणून खाल्लेली बरी, म्हणजे अंगी लागते. वाढत्या मुलांवर आणि गरोदर बाईवर हे वेड लादू नये.

आणि ज्यांना बिनदुधाचं ताट परदेशी फॅड वाटतं, त्यांनी कोकणात किंवा गोव्यात एखाद्या स्वयंपाकघरात जाऊन बसावं. विळीला टेकून बसलेली बाई नारळ खवते. वाटण फडक्यात घालून पिळलं की पहिला रस दाट, पांढराशुभ्र निघतो. तो ती बाजूला ठेवते. चोथ्यात कोमट पाणी घालून पुन्हा वाटते, पुन्हा पिळते, आणि तो पातळ रस आधी भाजीत शिजायला घालते. दाट रस शेवटी, आच मंद करून, कारण खळखळून उकळला तर तो फुटतो. जेवणाच्या शेवटी याच रसाची सोलकढी, आमसुलाच्या आगळाने गुलाबी झालेली, त्यात ठेचलेला लसूण आणि मिरची. जिथे घाटावरच्यासारखं दूध कधी नव्हतंच, तिथे माडाने ती जागा भरली. कोरा चहाही तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

सगळ्यात अवघड प्रसंग पेढ्याचा. शेजारची मुलगी पास झाली, डबा उघडून दारात उभी आहे, डोळे चमकताहेत. मागून काकू म्हणतात, "अरे, एका पेढ्याने काय होतंय? शुगर आहे का तुला?" इथे आढेवेढे घेऊन मुलीचा आनंद घालवणारा माणूस मला आवडत नाही. सोडलंय ते रोजचं खाणं. प्रसादाचा कण, पासाचा पेढा, संक्रांतीचा तिळगूळ हे रोजचं नाही. या काकूंची पिढी रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन साखरेसाठी उभी राहिली आहे. पाहुण्याच्या कपात तिसरा चमचा घालणं म्हणजे त्यांच्या घरात पदराला खार लावून केलेलं प्रेम होतं. त्यांच्यापुढे इन्सुलिनवर भाषण देऊ नये. पेढा घ्यावा, मुलीला विचारावं पुढे काय करणार, आणि काकूंकडे चहा मात्र कोराच मागावा.

काकूंच्या त्या प्रश्नातच सारं आहे: शुगर आहे का तुला? आयसीएमआरच्या पाहणीचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज सांगतो की देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत आणि उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटींहून जास्त. हे लोक काही मुद्दाम थांबले नव्हते. सोडायला परवानगी लागते आणि ती चिठ्ठी प्रयोगशाळेतूनच येते, अशी आपली रीत आहे. चिठ्ठी येण्याआधी सोडणाऱ्याला कसलीच हमी नाही. मधुमेह साखरेच्या चमच्यानेच होतो असं नाही. आनुवंशिकता आहे, वजन आहे, बसून काढलेले दिवस आहेत, ताटातला भाताचा डोंगर आहे. उद्या त्याचाही रिपोर्ट बिघडू शकतो, आणि तेव्हा चौकातले सगळे म्हणतील, काय मिळालं एवढं करून? हे ऐकावं लागेल हे माहीत असून जो आज कोरा चहा पितो, त्याच्या वेडाला मी मनापासून दाद देतो.

या वेड्यांनी आता एका जागी अडून बसावं असं मला वाटतं. ऑफिसांतून चहाची प्रिमिक्स मशीन आली आहेत. बटण दाबलं की दुधाची भुकटी, साखर आणि चहा एकत्रच कपात पडतात. साखर कमी करा म्हणायला समोर माणूसच नसतो. पूर्वी हॉटेलात ट्रेमध्ये चहा यायचा, कोरा चहा किटलीत, दूध लहान भांड्यात, साखर वाटीत, आणि किती घालायची ते पिणारा ठरवायचा. मिटिंगच्या टेबलावर तेवढीच मागणी करावी. थर्मासभर कोरा चहा ठेवा, दूध वेगळं ठेवा, साखरेची वाटी वेगळी ठेवा. पहिल्या दिवशी मॅनेजर विचारील, "का हो, काय झालं?" त्याला सांगावं, काही झालेलं नाही.