दुसरा मार्चएंड

जालन्यात लोखंडाची वस्तू हरवली तर फार जिवाला लावून घ्यायचं नाही. फिरून फिरून ती एमआयडीसीतच येते. भंगार भट्टीत वितळतं, त्याचं बिलेट होतं, बिलेटची सळई होते आणि ती कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसते. ‘जालना सोने का पालना’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. हल्ली त्या पाळण्यात सोन्याऐवजी टीएमटी झोपतं, इतकंच. पण सर्व्हरमधली टेबलं हरवली, तर ती कुठल्या भंगारवाल्याकडे मिळतील हे अंबडपासून भोकरदनपर्यंत कुणीही सांगू शकणार नाही.

आमच्या कारखान्यात सर्व्हर तीन. वजनकाट्यावर ट्रक चढला की त्याचं वजन एकाच वेळी तिन्ही ठिकाणी नोंदलं जातं. याला क्लस्टर म्हणायचं. त्यासाठी लागणारी गॅलेरा नावाची प्रणाली फिनलंडच्या मंडळींनी बनवली, म्हणजे जिथं मे महिन्यात कुलर लागत नाही अशा देशात. ही बाब पुढे महत्त्वाची ठरते. तीनच का, तर दोघांचं बिनसलं की खरं कोण हे ठरत नाही. तिघांत बहुमत होतं. एखादा तुटला तर उरलेले दोघं काम रेटतात, आणि तुटलेला जागा असूनही मुकाट बसतो.

मार्चअखेरच्या साफसफाईत एक नंबरच्या सर्व्हरची केबल सैल झाली. तो मुकाट बसला. बाकीचे दोघं काम करत होते, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. १ एप्रिलला सॉफ्टवेअरनं रिवाजाप्रमाणे नव्या आर्थिक वर्षाची टेबलं उघडली, ती या दोघांतच. रोज रात्रीचा बॅकअप मात्र एक नंबरवरून निघायचा. फायली रोज तयार होत होत्या, नावात तारीख होती, आत काही नव्हतं. आमच्याकडे रिकाम्या पोत्यांचीसुद्धा मोजदाद होते; रिकाम्या फायली मोजायचं कुणाला सुचलं नाही.

मग मे महिन्यातल्या एका भर दुपारी वीज गेली. यूपीएसच्या बॅटऱ्यांनी ‘टूं’ केलं आणि माना टाकल्या. तिन्ही सर्व्हर एकदम आडवे झाले. वीज आली, तीही अशा जोरात की भिंतीवरचं एक सॉकेट जळालं. मी वेंडरच्या माणसाला फोन लावला. तो पुण्यात, एसीत.

गॅलेराचा प्रत्येक सर्व्हर एक छोटी फाइल बाळगतो. ‘मी आधी उठलो तर चालेल का’ याचं उत्तर तीत एक किंवा शून्य असं लिहिलेलं असतं. रीतसर बंद केले तर शेवटी झोपलेल्याकडे एक येतो आणि सकाळी त्यानंच आधी उठायचं असतं. अचानक वीज गेली की सगळ्यांकडे शून्य. अशा वेळी प्रत्येकाची शेवटची नोंद कुठवर आली ते तपासायचं आणि जो सर्वांत पुढे असेल त्याला उठवायचं, असा नियम. पुण्याचा आवाज म्हणाला, “एक नंबरला एक करा. आणि केबल बघा हो, सैल दिसतेय.”

एक नंबर उठला. मग दोन नंबर उठवला, तर तो चक्क अडून बसला. पडद्यावर त्यानं स्वच्छ लिहिलं होतं : माझ्याकडच्या नोंदी समोरच्यापेक्षा पुढे आहेत, डेटा जाऊ नये म्हणून मी थांबतोय, तरीही पुढे जायचंच असेल तर ही फाइल काढून टाका. इतकं सभ्य आणि इतकं शहाणं बोलणं आमच्या ऑफिसात आधी कुणी केलं नव्हतं. पुण्याला वाचून दाखवलं. पुण्यानं त्यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. “काढा फाइल.”

फाइल काढली. दोन नंबरनं स्वतःची सगळी स्मृती पुसली आणि एक नंबरची उतरवून घेतली. दीड महिना घराबाहेर राहिलेल्या थोरल्यानं परतल्या परतल्या हिशेब सांगावा आणि घरीच असलेल्या धाकट्यानं आपली वही फाडून ‘बरोबर आहे दादा’ म्हणावं, तसं झालं.

सॉफ्टवेअर उघडलं तर वर्ष निवडायच्या यादीत नवं वर्षच नाही. कारखान्यात पुन्हा मार्च लागला होता. अकाउंट्समधल्या बाई, ज्यांनी मार्चएंड संपल्याच्या आनंदात राजूरच्या गणपतीला जाऊन नारळ फोडला होता, खुर्चीत बसल्या त्या उठेनात. १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि १९८१ पासून आमच्या जिल्ह्याचा वाढदिवस. त्या दिवशीचा ओव्हरटाइम साफ गायब, हे कळताच कामगार दारात जमले. काट्यावर ट्रकांची रांग लागली. “काय वो साहेब, पावती द्या ना,” म्हणत ड्रायव्हर खिडकीतून आत डोकावत होता. पावती द्यायला तो जालन्यात यायचा होता अजून. सर्व्हरच्या मते तो मार्चमध्येच कुठेतरी होता.

मी सगळ्यांना गिटलॅबचं उदाहरण देऊन धीर द्यायचा प्रयत्न केला. ३१ जानेवारी २०१७ ला त्या जगप्रसिद्ध कंपनीच्या इंजिनिअरनं भलत्याच सर्व्हरवरचा डेटा पुसला. सुमारे ३०० जीबीतले साडेचार उरले. बॅकअप बघायला गेले तर तेही रिकामे, आणि बॅकअप फसल्याच्या ईमेलही कुणाला पोचल्या नव्हत्या. शेवटी एकानं सहा तास आधी सहज काढून ठेवलेली प्रत कामी आली. दुरुस्ती त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवली होती. शेठजी म्हणाले, “आपल्याला नको हो यूट्यूबवर.”

तेवढ्यात वॉचमनकाका म्हणाले, “पन साहेब, तिसरं तर बंदच हाय की.”

होतं खरं. जळालेल्या सॉकेटवर सर्व्हरखोलीचा कुलर चालायचा. उकाड्यानं मशिनी तापतील म्हणून काकांनी तीन नंबरची पिन काढून तिथं कुलर लावला होता. कुलर मजेत फिरत होता, तीन नंबर गाढ झोपेत होता आणि त्याच्या पोटात एप्रिल, मे, १ मेचा ओव्हरटाइम, सगळं शाबूत होतं.

“लगेच चालू करा त्याला!” पुणे ओरडलं.

मुनीमजी आयुष्यात कॉम्प्युटरला शिवलेले नाहीत. ते म्हणाले, “म्हणजे हाही त्या दोघांचंच ऐकणार ना?”

फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सगळं उलट क्रमानं झालं. एक आणि दोन बंद केले, त्यांच्या केबल काढल्या. तीन नंबरच्या डेटाची आधी वेगळी प्रत काढली, शेवटची नोंद तपासली, मग त्याला एकट्याला उठवलं. वर्षाच्या यादीत नवं वर्ष दिसलं आणि अकाउंट्सच्या बाईंनी पाणी मागितलं. उरलेल्या दोघांनी मग आज्ञाधारकपणे मार्च पुसला आणि मे उतरवून घेतला. त्यांची तक्रार नव्हतीच. कुणाचं ऐकायचं एवढाच प्रश्न होता.

आठवड्याभरानं वेंडरचा अहवाल आला. त्यात लाल अक्षरांत : ‘तिसरा सर्व्हर वेळेवर सुरू झाला नाही, गंभीर त्रुटी.’ सोबत कोटेशन : तिन्ही सर्व्हर एकाच क्षणी आपोआप सुरू होतील अशी स्वतंत्र वायरिंग. शेठजींनी ते चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, “म्हणजे पुढच्या खेपेला तिघं मिळून विसरणार?”

कोटेशन परत गेलं. रोजच्या बॅकअपची फाइल उघडून बघायचं काम मुनीमजींकडे आलं, कारण त्यांचा कुणावरच विश्वास नाही. आणि कुलरला शेठजींनी स्वखर्चानं नवं गवत बसवून दिलं.