व्याहीबुवा, तुमच्या उन्हाने आमचे तलाव हिरवे!

श्री. सूर्यनारायण,
मु. पो. आकाश.

व्याहीबुवांस सादर प्रणाम, वि. वि.

तापी तुमची लेक. मुलताईहून निघून ती आमच्या खान्देशात नांदते. वाघूर, गिरणा, पांझरा तिलाच येऊन मिळतात. तेव्हा या घरात काही बिघडलं तर मुलीच्या माहेराला बोल लावायचा आमचा हक्क परंपरेनेच शाबूत आहे.

तक्रार साचलेल्या पाण्यावरच्या हिरव्या तवंगाची. आम्ही त्याला शेवाळ म्हणतो. शास्त्रज्ञ म्हणतात सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नीलहरित जीवाणू. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरायला यांनीच सुरुवात केली, म्हणून आजवर गप्प बसलो.

तुमचा पहिला गुन्हा, ऊब. यांतल्या मायक्रोसिस्टिसला 25 ते 35 अंशांचं पाणी फार मानवतं. भुसावळला मे महिन्यात हवेचा पारा 45 ओलांडतो, मग पाणी तापायला कितीसा वेळ? तापलेलं पाणी हलकं, ते वरच राहतं. गार पाणी तळाशी. दोन्ही मिसळत नाहीत. अशा संथ पाण्यात बाकीची बरीच शेवाळं बुडतात. यांच्या पेशींत मात्र वायूच्या सूक्ष्म पिशव्या असतात, त्यामुळे हे तरंगतात.

दुसरा गुन्हा, प्रकाश. दिवसा ऊन खाऊन पेशींत साखर साठते, अंग जड होतं, मग हे खाली उतरतात. रात्री साखर खर्ची पडते, हलके होतात आणि तुम्ही उगवायच्या आत पुन्हा वर हजर. भर दुपारी उन्हातून बाजूला व्हायची अक्कल यांना आहे. आमच्या मैदानावरच्या पोरांना नाही.

नुसत्या उन्हावर हे फोफावत नाहीत, फॉस्फरस आणि नायट्रोजनही लागतो, असं पुस्तकांत आहे. आता मेहरूण तलावात बाप्पांसोबत निर्माल्य उतरतं, केळीच्या बागेतलं खत पावसाने ओढ्याला लागतं, गटार उतार बघूनच वाहतं. पण या घरातल्या गोष्टी, पत्रात कशाला? पांझरेच्या फड पद्धतीत पाणी पाटाने शेतोशेत फिरायचं, तिथे यांना ठाण मांडता येत नसे. नकाणे आणि डेडरगाव तलावांत ते थांबतं, कारण धुळ्याच्या नळांना काही दिवसांआड पुरवायचं असतं.

यांतल्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार करतात. पाणी उकळून ते जात नाही. उलट पेशी फुटून आणखी बाहेर पडतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याच्या एका मुख्य प्रकाराची मर्यादा लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम ठेवली होती. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराने याच विषापायी लाखो लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं. तिथलं ऊन ते काय! तरी त्यांनी मुख्य दोष दिला शेतांतून सरोवरात आलेल्या फॉस्फरसला. त्यांना व्याही नसावा.

आमची मागणी एवढीच: मार्च ते जून आमच्यावरून जाताना जरा ढगाआडून जावं. गटारांचं आम्ही बघून घेऊ. उत्तर दुपारी पाठवू नये. तेव्हा इकडे कोणी दार उघडत नाही.

आपला,
तापीच्या सासरचा एक