भारवहनाचा हिशेब

अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू छातीशी कवटाळून समोरच्या मांसल तटबंदीवर धडकण्याचे कर्तव्य ज्याच्या माथी येते, त्या रनिंग बॅकच्या प्रकृतीविषयी प्रशिक्षकवर्ग हंगामारंभी जी वत्सल चिंता प्रकट करतो, ती पहिला पराभव दृष्टिपथात येताच दप्तरदाखल होते. २००६ साली कॅन्सस सिटीच्या कारभाऱ्यांनी लॅरी जॉन्सनकडून ही सेवा ४१६ वेळा रुजू करून घेतली (हा उच्चांक आजही अबाधित आहे, आणि तो मोडण्याची कोणाला घाईही दिसत नाही). पुढच्या हंगामात पायाचे हाड मोडून तो निम्म्यावरच बसला. डॅलसने २०१४ मध्ये डिमार्को मरेकडून ३९२ वेळा चेंडू वाहवून १८४५ यार्डांचे उत्पन्न जमेस धरले आणि मोबदला वाढविण्याची वेळ येताच त्याला सन्मानपूर्वक फिलाडेल्फियास जाऊ दिले.

त्याच फिलाडेल्फियाने २०२४ च्या हंगामात सेक्वॉन बार्कलीला, एरिक डिकर्सनचा एका हंगामातील सर्वाधिक धाव-यार्डांचा १९८४ चा विक्रम मोडायला अवघे १०१ यार्ड उरले असताना, अखेरच्या सामन्यात विश्रांती फर्मावली. ३४५ धडकांनंतर उपजलेल्या या भूतदयेची वसुली बाद फेरीच्या चार सामन्यांत आणखी ९१ धडकांनी यथास्थित करण्यात आली.