बहात्तरचे मालक

बहात्तरच्या दुष्काळाची मालकी अख्ख्या बीड जिल्ह्यात माझ्याकडे आहे, असा माझा समज आहे. लग्नाची पंगत असो की दहाव्याचा घाट, कुणी महागाईबद्दल हूं म्हणायचा अवकाश, मी ‘तुम्ही काय पाहिलंय?’ म्हणून सुरू. आमचे व्याही तेवढे दाद देत नाहीत. ते थेट रझाकारांपासून धरतात. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली, तेव्हा ते आईच्या कडेवर होते आणि मी जन्मलोच नव्हतो. चार वर्षांनी हुकलं.

युद्धातही आमची पंचाईतच. मुंबईची माणसं 1971 च्या ब्लॅकआउटच्या गोष्टी रंगवून सांगतात. आमच्या गावात वीजच नव्हती. चिमणी फुंकली की ब्लॅकआउट, तोही बारमाही. 1965 मध्ये शास्त्रीजींनी सोमवारचं रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं, तर आठवड्यात एकच रात्र का, हे मायला कळेना.

पण मिलो माझा! बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेची ही लाल ज्वारी रेशनवर आली. तिकडं ती जनावरांना घालतात, हे मागाहून कळलं. जनावरांचं मत कुणी घेतलं नसावं. पीठ गिरणीतूनच विरी गेल्यासारखं यायचं. माय आधणाच्या पाण्यात मळायची, तरी थापताना कडेनं तडे. परातीतून तव्यावर जाईतो भाकरीच्या वाटण्या झालेल्या असत. मग माय ओल्या बोटांनी ते तुकडे तव्यावरच सांधायची, चटके खात. रंग विटकरी. आणि चव... चवीपर्यंत मी पोचतो, तोवर पंगत उठलेली असते.

दुष्काळी कामावर मिळायची त्या सुकडीला मात्र मी नावं ठेवत नाही. गोड होती.

गंमत अशी, की त्या कामावर खडी फोडली मायनं आणि सांगत फिरतो मी. हातोडा बसून तिच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं, ते पुढं कधी धड उगवलंच नाही. विचारलं तर म्हणायची, ‘त्यात काय सांगायचं?’

यंदा वस्तीवरची माणसं ऊसतोडीसाठी कारखान्याला निघाली. ट्रॉलीत पत्रे, चूल, शेळी, लेकरं. मी सवयीनं बहात्तर काढलं. डोक्यावरचं बोचकं वर टाकत एक बाई म्हणाली, ‘आबा, तुमचा एकदाच आल्ता ना?’

व्याह्यांनासुद्धा आजवर मला असं गप्प करता आलेलं नाही.

तिनं नवऱ्यासोबत मुकादमाकडून उचल घेतलीय. हंगामात फिटली तर फिटली, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा कोयता. पोरगं तिसरीत आहे, ते फडावर धाकटीला सांभाळणार. तुमच्या गावाजवळ साखर कारखाना असेल, तर अशा लेकरांना तिथल्या शाळेत हंगामापुरतं बसवून घेतात का, एवढं जाऊन विचारा.