बॉडी भारी, काच बिचारी

फुल फ्रेम घेऊ की क्रॉप? रत्नागिरीत कॅमेरा घ्यायला निघालेली पोरं पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि बहुतेक वेळा शेवटचाही हाच. सेन्सर किती मोठा ते विचारायचं, पण त्याच्यापुढे कोणती काच लागणार ते विचारायचंच नाही. मग काय होतं? हप्त्यावर बॉडी येते, तिच्याबरोबर खोक्यातली किट लेन्स येते, आणि दुसरी लेन्स घ्यायला खिशात दमडी उरत नाही. मला हा सौदा तोट्याचा वाटतो, आणि का ते आकड्यांनी सांगतो.

उदाहरणाला कॅननचे दोन मिररलेस कॅमेरे घेऊ. आर७ आला २०२२ मध्ये, आर८ आला २०२३ मध्ये. अमेरिकेत दोन्हींच्या नुसत्या बॉडीची सुरुवातीची किंमत एकच होती, १,४९९ डॉलर. माउंट एकच, आरएफ, त्यामुळे एकाची लेन्स दुसऱ्याला चालते. आर८ चा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे फुल फ्रेम. आर७ चा साधारण २२ बाय १५, म्हणजे एपीएस-सी, दुकानाच्या भाषेत क्रॉप. क्षेत्रफळात मोठा सेन्सर सुमारे अडीच पट.

किंमत तीच आणि सेन्सर अडीच पट, मग विचार कसला करायचा? विचार करायचा तो बाकीच्या गोष्टींचा. आर८ मध्ये कार्ड एकच बसतं, बॅटरी लहान आहे, आणि हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन बॉडीत नाही. आर७ मध्ये दोन कार्डं, मोठी बॅटरी आणि बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, तिन्ही आहे. फुल फ्रेम म्हणजे जड ही समजूत तर इथे उलटी पडते. बॅटरी-कार्डासकट आर८ भरतो ४६१ ग्रॅम आणि आर७ भरतो ६१२. कंपनीने मोठ्या सेन्सरचे पैसे दुसरीकडून वसूल केलेत. ते तुम्हाला परवडतात का, हे तुमच्या कामावर आहे.

आता काचेकडे वळू. आर८ बरोबर जी किट लेन्स मिळते ती २४-५० मिमी, एफ ४.५ ते ६.३. झूम शेवटाला नेला की एफ ६.३; हा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. दुसरीकडे आर७ वर सिग्माची १८-५०, एफ २.८ लावा, कॅननच्या माउंटला ती २०२४ पासून मिळते. क्रॉपचा गुणक १.६. म्हणजे २.८ ची ही काच एकूण प्रकाशाच्या हिशेबात फुल फ्रेमवरच्या साधारण ४.५ च्या तोडीची. तेच दृश्य, तीच चौकट, तोच शटर धरला तर ४.५ आणि ६.३ मध्ये एका स्टॉपचा फरक पडतो. छोट्या सेन्सरला दुप्पट प्रकाश मिळाला! अडीच पट क्षेत्रफळाची सगळी कमाई किट लेन्सने खाल्ली आणि वर उधारी करून ठेवली.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आर८ वर ५० मिमी एफ १.८ लावली, १६० ग्रॅमची, कॅननच्या आरएफ लेन्सांतल्या सगळ्यात स्वस्तांपैकी एक, तर रात्रीच्या कामात आर७ मागे पडतो. म्हणून माझं भांडण मोठ्या सेन्सरशी नाही. ते आहे बॉडीवर सगळे पैसे ओतण्याशी. ज्या मापाला आज आपण पूर्ण म्हणतो, त्या मापाचा लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला तेव्हा मोठ्या काचपट्ट्यांवर काम करणारे छायाचित्रकार त्या मापाला चिमुकलं समजत होते. त्याच चिमुकल्या मापावर पुढे पन्नास-साठ वर्षांची वृत्तपत्रं भरली.

आपल्याकडे या दोन सेन्सरांची खरी परीक्षा होते ती शिमग्यात. ग्रामदैवत भैरीबुवाची पालखी रात्री उशिरा बाहेर पडते. गर्दी, गुलाल, ढोल, आणि उजेड म्हणजे कुठे एलईडीचा फोकस, कुठे ट्यूबलाइट, मध्येच होमाचा जाळ. पालखी खांद्यावरून उसळते, खाली येते, गिरकी घेते. तिला थांबवायची तर शटर किमान १/२५० हवा. इथे स्टॅबिलायझेशनचा काडीचा उपयोग नाही. ते तुमचा हात सावरतं, पालखी सावरत नाही. आयएसओ वर न्यावाच लागतो, आणि इथे फुल फ्रेम आपली किंमत वसूल करून देतो. सारखीच काच, सारखाच एफ आकडा असेल तर आर८ वरच्या ६४०० ला जेवढे दाणे दिसतात, तेवढे आर७ वर साधारण २५०० लाच दिसायला लागतात. मानकऱ्याच्या चेहऱ्यावरचा घाम आणि गुलाल एकमेकांत मिसळून चिखल होतो की दोन्ही वेगळे दिसतात, हे त्या फरकावर ठरतं.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. आर७ चा सेन्सर इलेक्ट्रॉनिक शटरवर वरपासून खालपर्यंत वाचला जायला बराच वेळ घेतो. ढोलावर पडणारी टिपरी त्यात वाकडी येते, आणि एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे उमटतात. इलाज सोपा आहे. शिमग्यात इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, मेकॅनिकल चालू ठेवा आणि अँटी-फ्लिकर लावा. सेकंदाला तीसऐवजी पंधरा फोटो मिळतील. ते पुरे आहेत.

तेव्हा ज्याचं काम मुख्यतः रात्रीचं आहे, शिमगा, नमन-खेळे, नाटकं, जाखडी, आणि ज्याच्याकडे बॉडीखेरीज एफ १.८ च्या एखाद्या काचेपुरते पैसे आहेत, त्याने खुशाल आर८ घ्यावा. त्या पैशांची सोय नसेल तर घेऊ नये. किट लेन्स लावून पालखीपुढे उभा राहिलेला फुल फ्रेम मला बघवत नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत गणित फिरतं. देवरुख-संगमेश्वरकडच्या जंगलातला धनेश, खाडीकाठच्या उंच झाडावर घरटं करणारा समुद्री गरुड; ही मंडळी तुमच्या जवळ येत नाहीत आणि तुम्ही त्यांच्या घरट्याजवळ जायचंही नाही. समजा कॅननची १००-४०० घेतली, ६३५ ग्रॅमची, खांद्याला पेलणारी. आर७ वर तीच लेन्स ६४० मिमीइतकी चौकट देते. आर८ वर तेवढीच चौकट हवी म्हणून फोटो कापला, तर २४ मेगापिक्सेलमधले जेमतेम नऊ हातात उरतात. आर७ ला तिथे साडेबत्तीस मिळतात. त्याच पक्ष्यावर साडेतीन पट पिक्सेल! पिसांची रेघ अन् रेघ मोजायची असेल तर हा फरक छापल्यावर उघड दिसतो. आर८ वर तीच चौकट काचेतून आणायची तर आणखी लांब लेन्स लागेल, आणि तिची किंमत कित्येकदा बॉडीच्याही वर जाते. दिवसाउजेडी पक्षी टिपणाऱ्या पोराने फुल फ्रेमच्या वाटेला जाऊ नये, असं मी ठाम सांगेन.

वेळासची गोष्ट मधली आहे. मंडणगड तालुक्यातल्या या गावात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. उजेड कोवळा किंवा विझत आलेला, दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, आणि फ्लॅश मारायचा नाही. पिल्लं उजेडाच्या रोखाने चालतात, फ्लॅशने वाट चुकतात, म्हणून हा नियम. तो मोडणारा माणूस कोणत्याही सेन्सरचा असो, त्याला मागे खेचलाच पाहिजे. इथे दोन्ही कॅमेरे चालतात. पोटावर आडवं पडून कॅमेरा वाळूलगत धरायची तयारी मात्र हवी, कारण तळहातावर मावणारं पिल्लू उभ्याने टिपलं की फोटोत नुसता ठिपका येतो.

आणि कातळशिल्पं? उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे. रत्नागिरी जिल्ह्यातली ही सात ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. आता सड्यावर कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची रीघ आहे, आणि मला वाईट वाटतं ते भर दुपारी येणाऱ्यांचं. जांभ्यात कोरलेली रेघ उथळ असते. सूर्य डोक्यावर असला की ती सपाट होते, दिसतच नाही. सकाळी लवकर किंवा दिवस कलताना जा. ऊन तिरकं आलं की रेघेच्या एका कडेला सावली धरते आणि सगळी आकृती उठून येते. ढगाळ दिवस असेल तर अंधार पडल्यावर जा, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवा आणि दुसऱ्या कुणाला बाजूने, जमिनीलगत बॅटरी धरायला सांगा. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, त्याच्या पोटात आणखी प्राणी कोरलेत. तो अख्खा चौकटीत घ्यायचा तर उंचीच लागते. तिथे परवानगी घेऊन उडवलेला ड्रोन, ज्याचा सेन्सर बहुतेक वेळा आर७ हून कितीतरी लहान असतो, तोच कामाला येतो. एकच विनंती. रेघ ठळक दिसावी म्हणून शिल्पात खडू, रांगोळी, चुना काही भरू नका. हजारो वर्षं टिकलेलं आहे, तुमच्या फोटोसाठी त्याला हात लावायचं कारण नाही.

आता पावसाळा. रत्नागिरीत कॅमेऱ्याचा खरा शत्रू इथे आहे, आणि सेन्सरच्या वादात त्याचं नाव कुणी घेत नाही. जून ते सप्टेंबर हवा ओली. कापडी पिशवीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलेल्या लेन्सला आतून बुरशी धरते. सुरुवातीला कोळ्याच्या जाळ्यासारखी एक बारीक रेघ दिसते, उजेडासमोर काच धरली तरच. मग ती पसरते आणि काचेवरचं कोटिंग खाते. साफ करून घेतली तरी व्रण राहू शकतो. उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा कोरडी करायची. तांदळात ठेवू नका, त्याची भुकटी फटींत जाते. जमलं तर विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट घ्या. भाट्ये, मांडवी, आरे-वारे या किनाऱ्यांवरून परतल्यावर बॉडी आणि लेन्सचं नळकांडं ओल्या, पिळून काढलेल्या फडक्याने पुसा. खारे तुषार वाळले की रबर आणि धातू दोन्ही खातात. वारा असताना किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. बॉडीच्या किमतीतले चार पैसे या डब्यासाठी वेगळे काढा आणि ते बॉडीच्या आधी काढा.

शेवटचं सांगणं लग्नघरच्यांना आहे, कारण पोरांना फुल फ्रेमच्या मागे लावण्यात तुमचाही हात आहे. छायाचित्रकाराशी बोलणी करताना तुम्ही विचारता, कॅमेरा फुल फ्रेम आहे ना? तो प्रश्न सोडा. रात्रीच्या वरातीचा आणि हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांखालचा एक अख्खा आल्बम बघायला मागा, निवडक दहा फोटो नाही. फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरतात का, तेही विचारा. कार्ड बिघडलं तर मंगलाष्टकं परत म्हणता येत नाहीत, आणि वरच्या दोघांपैकी ही सोय आहे ती छोट्या सेन्सरच्या आर७ मध्ये. आल्बम चांगला असेल, दोन कार्डांची सोय असेल आणि पोरगा सरळ सांगत असेल की माझा कॅमेरा क्रॉप आहे, तर त्याच्या ठरलेल्या दरातून एक रुपयाही कापू नका.